बयचा जबाब

जुनी जन्माची नोंद शोधायची असली की पोलादपूरच्या आसपासची माणसं अजून माझ्याकडे येतात. कुणाला नोकरीसाठी हवी असते, कुणाला वारसासाठी. "बाई, कचेरीत धा खेपा घातल्या, आमचं कायच सापडत नाय," म्हणतात. मी त्यांना आधी बसवते, पाणी देते आणि एकच विचारते, "आईला विचारलंस का?" विचारलं म्हणतात. मग मी सांगते, पुन्हा जाऊन विचार, आणि या वेळी घरात दुसरं कुणी नसताना विचार. माणसं माझ्याकडे अशी बघतात की बाईंचं डोकं चळलं. डोकं ठिकाणावर आहे माझं. मी स्वतःची नोंद शोधली तेव्हाच हे शिकले, आणि ते शिकवायला जी माणसं खपली त्यांचे उपकार फेडायला मला अजून तरी जमलेलं नाही.

आमची वाडी आंबेनळीचा रस्ता चढायला लागतो त्याच्या अलीकडची. कुणब्यांची थोडी घरं. बाबा मुंबईला गिरणीत, आई इथं नाचणी, वरी आणि शेळ्यांच्या मागे. मामा महाडच्या मराठी शाळेत मास्तर होता. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यानं मला लहानपणीच महाडला नेलं आणि शाळेत घातलं. मुलीला शिकवून काय करणार, असं त्याला निम्म्या गावानं विचारलं. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना वाटलं मामाच्या घरी मी भांडी घासते. मी मात्र शिकले. मराठी सातवी, म्हणजे त्या काळची फायनल, पास झाले आणि मामानं बाजारपेठेतून पेढे आणले.

पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळण्यासारखी होती. घोडं अडलं ते वयापाशी. तिथं घ्यायला ठरावीक वय पुरं लागे, आणि शाळेच्या दाखल्यात मी दोन वर्षांनी लहान. शाळेत घालताना मामानं माझ्याकडे पाहिलं, मी हाडानं बारकी, आणि त्यानं अंदाजानं वय ठोकून दिलं. मास्तर माणूस! दुसऱ्यांच्या पोरांची वयं खोदून खोदून विचारायचा आणि घरच्या पोरीचं नजरेनं मोजलं. शाळेच्या कागदाविरुद्ध चालेल असा एकच कागद होता, सरकारी जन्मनोंदीची नक्कल.

तेवढ्यात वैशाखात बाबा रजेवर आले ते स्थळ घेऊनच. त्यांच्याच खात्यातला जोडीदार होता, बिजवर. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला नावं ठेवू. पण मला नको होता. मी जेवण टाकलं, मामा मध्ये पडला, आणि शेवटी बाबांनी निकाल दिला.

"आगोटीच्या आत कागद आणलास तर जा पुण्याला. नाय तर मांडव घालतो. मला गिरणीवाले परत परत रजा नाय देत."

पाऊस लागण्याआधी, एवढीच मुदत होती. माझ्या साऱ्या जन्माचा निकाल त्या एका कागदावर येऊन बसला होता.

पोलादपूरच्या कचेरीत मामाबरोबर गेले तर कळलं, जुनी दप्तरं महाडला पाठवलीत. महाडच्या कचेरीत दफ्तरखान्याच्या दारात एक कारकून बसायचे. उंच, किडकिडीत, डोक्यावर पगडी आणि कपाळाला कायमची आठी. दप्तरं लाल रुमालात बांधलेली, आणि सगळी भिंतीच्या वरच्या फळ्यांवर, कारण सावित्रीला पूर आला की पाणी कधी आत शिरेल याचा नेम नसे. कारकुनांनी आमचा अर्ज पाहिला, कोर्ट फीचा स्टँप नीट चिकटवलाय का ते पाहिलं आणि म्हणाले, "गाव सांगा, साल सांगा. या दोन गोष्टींवाचून इथं ब्रह्मदेव आला तरी त्याला काही सापडायचं नाही."

गाव आमचं. साल आईनं सांगितलं होतं, मानमोडीच्या आदल्या साली, भात झोडून झालं होतं तेव्हा. म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास. मानमोडीचा ताप आला त्या साली आमच्याकडे घरंच्या घरं बसली होती, त्यामुळे ते साल कुणी विसरत नसे. नाव विचारायची सोयच नव्हती. नोंद जन्म झाला की लगेच व्हायची आणि बारसं पुढं केव्हातरी, म्हणून पुस्तकात मुलाचं नाव नसेच. बापाचं नाव, जात आणि पुढं 'मुलगा' नाही तर 'मुलगी'. गावच्या पोलीस पाटलानं लिहायचं आणि तालुक्याला धाडायचं, अशी रीत.

मामाला शाळा होती. दुसऱ्या दिवसापासून मी एकटीच जाऊ लागले. बाईमाणूस कचेरीत बसून वही चाळणार म्हटल्यावर शिपाई हसला. कारकून हसले नाहीत. एक वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वाचता येतं ना? मग वाच. मला इतर कामं आहेत. पान उलटताना थुंकी लावलीस तर हाकलून देईन." माझी काही कुरकुर नव्हती. पंखा नाही, वारा नाही, वाळवीनं खाल्लेल्या पानांची धूळ नाकात, आणि मी एकेक ओळ बोटाखाली धरून आमच्या गावचे जन्म वाचते आहे. पाटलाचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण सवय झाली की वाचता येतं.

मानमोडीच्या आदल्या सालात मी नव्हते. त्याच्या मागची सहा-सात सालं चाळली, तिथंही नव्हते. मानमोडीच्या सालात तर नव्हतेच. पण बाबांचं नाव मला तीनदा सापडलं. मुलगा. मुलगा. मुलगी. आणि मृत्यूच्या वहीत तेच नाव पुन्हा तीनदा. पहिला मुलगा बारशाच्याही आधी गेला होता. बाकीच्या दोघांनी कसंबसं वर्ष काढलं होतं. आपल्याआधी कुणी झालं होतं एवढं मला ऐकून माहीत होतं, पण ती पोरं अशी ओळीनं कधी डोळ्यांसमोर आली नव्हती. मी वही मिटली. कारकुनांनी मान वर करून पाहिलं आणि शिपायाला मला पाणी द्यायला सांगितलं.

वाडीवर घरी गेले ती तडकलेलीच. आई अंगणात शेळी बांधत होती. मी म्हटलं, "आई, तुझी तिघं सापडली. मी कुठं आहे? मी काय आभाळातनं पडले?"

आईनं शेळीची दोरी खुंटाला आवळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आमच्या गावची नायस. वरच्या वाडीची हाईस. तिकडचं पुस्तक बघ." आणि सरळ पाण्याला निघून गेली.

काय सांगू! आई मला लहानपणापासून 'बयची पोर' म्हणायची. "बयची पोर जेवली का?" "बयच्या पोरीला सर्दी झालीय." मी ते थट्टेवारी न्यायची. बय म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी होती तिथली बाई. बाजाराच्या दिवशी तूप विकायला पोलादपूरला उतरायची. जाता-येता आमच्या दाराशी थांबायची, माझ्या गालाला हात लावायची आणि पुढं जायची. घरात कधी यायची नाही. मला वाटायचं, चांगली बाई आहे, लळा आहे तिला माझा. यापलीकडे मी कधी डोकं चालवलंच नव्हतं.

शेवटी बाबांनी सांगितलं, विडीवर विडी ओढत, बायकांच्या गोष्टीत पडावं लागल्यासारखे ओशाळून. आधीची तीन गेली, म्हणून माझ्या वेळी रीत करायची ठरली. ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरानं पोर आपलं म्हणायचंच नाही. मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सटवीनं पाहावं, या घरी पोर नाही, केर टाकलाय नुसता. मग जिची सगळी पोरं जगली अशा बाईनं यायचं आणि तो केर उचलून न्यायचा, बदल्यात पसाभर नाचणी टाकून. बयची सगळी जगली होती, एकसुद्धा दगावलं नव्हतं. ती घाट उतरून आली, नाचणी टाकली, मला उचललं, कडेवर घेऊन चार पावलं चालली आणि मग आईच्या हातात देऊन म्हणाली, "बाय, माझी पोर जरा सांभाळ. दूध पाज तिला." तेव्हापासून आई माझी दाई. लगीन होईस्तोवर असंच बोलायचं, असंच वागायचं.

"आणि पाटलाला काय सांगितलं?" मी विचारलं.

"आमच्या पाटलाला कोन सांगनार? आमाला पोर झालीच नाय ना! तिनं तिच्या गावच्या पाटलाला सांगितलं, मला झाली म्हनून."

"आणि त्यानं लिहिलं?"

"लिवनार नाय तर काय करनार? त्याला काय ठाव नव्हतं व्हय! पन रीत मोडून पोर मारायची का?"

सरकारचं पुस्तक आणि सटवीला दाखवायचं पुस्तक एकच, अशी आमच्याकडची व्यवस्था! मी इतके दिवस धूळ खाल्ली, मामानं शाळा बुडवली, आणि आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की मी त्या पुस्तकात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी आईवर खूप चिडले. पण ती पाण्याहून आली, आणि तिच्या डोक्यावरचा हंडा मीच उतरवून घेतला. आपल्या तोंडून एक शब्द गेला तर चौथंही जाईल, या भीतीखाली ती इतकी वर्षं गप्प राहिली होती. स्वतःच्या पोरीला एकदाही माझी म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारकुनांना सगळं सांगितलं. मला वाटलं, अडाणी म्हणून झापतील. त्यांनी वरच्या वाडीचं दप्तर स्वतः काढलं, चष्मा पुसला आणि बोट फिरवत फिरवत एकदम थांबले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्यांना हसताना पाहिलं. पोट धरून हसले.

"अगं, बघ! हे तुझ्या बयच्या नवऱ्याचं नाव. आषाढात मुलगा. आणि खाली, मार्गशीर्षात मुलगी. पाच महिन्यांत दोनदा बाळंत झाली बाई! आणि पाटलानं डोळे मिटून लिहिलं, आणि आमच्याही कुणी डोळे मिटून घेतलं!"

मलाही हसू आलं आणि रडूही आलं. ती मुलगी मी होते. तारीख मिळाली होती, साल मिळालं होतं. पण ती तारीख दुसऱ्या घरात जन्मली होती. पुण्याच्या कॉलेजला नक्कल द्यायची तर तिच्यावर मामलेदारांचा शेरा हवा, की नोंदीतली मुलगी बयची नव्हे, ती आमच्या घरची मीच. कारकून म्हणाले, पाच महिन्यांचा पुरावा चांगला आहे, मामलेदारांना पटेल. पण त्या बाईचा जबाब पाहिजे. तिनं येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, ही माझी नाही. त्यावाचून होणार नाही.

मला वाटलं, झालं काम. यात काय अवघड?

आई आणि मी घाट चढून वाडीत गेलो. आई अंगणाच्या कडेला करवंदीच्या जाळीपाशीच बसली, पुढं आली नाही. बयचा गोठा भरलेला होता, चार म्हशी रवंथ करत उभ्या होत्या, आणि ती एकीचं अंग पेंढ्यानं घासत होती. मी सगळं सांगितलं, अगदी नीट, मास्तरणीसारखं. ऐकताना तिचा हात थांबला.

"मी तसं बोलायची नाय."

"का?"

"तुझ्याआधीची गेली. तू माझी म्हनून जगलीस."

"अगं बय, असं नसतं. वहीत लिहिल्यानं कुणी मरत नाही."

"लिवल्यानं नाय मरत," बय म्हणाली. "बोलल्यानं मरतंय."

मी खूप समजावलं. ताप कशानं येतो, पाणी का उकळावं, बाळाची नाळ कशानं कापावी, पुस्तकातलं सगळं घडाघडा बोलले. ती ऐकत होती आणि म्हैस घासत होती. शेवटी म्हणाली, "तुझं खरं असंल. पन माझं खोटं निघालं तर मी येडी ठरंन, तेवढंच. तुझं खोटं निघालं तर तू उरायची नायस." तिनं विचारलं, कागद नाय मिळाला तर काय होईल? मी सांगितलं, मांडव होईल. नवरा कसा हाय? मी म्हटलं, बिजवर. निघताना तिनं नेहमीसारखा माझ्या गालाला हात लावला, आणि मी रागारागात घाट उतरले. आई वाटेत एवढंच म्हणाली, "तिच्यावर नको रागवू. ती काय चुकीचं बोलली?"

घरात मुंडावळ्यांची बोलणी सुरू झाली. ढग डोंगरावर उतरायला लागले. मामानं पुण्याला विनवणीचं पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मी आशा सोडली. आणि एका बाजाराच्या दिवशी सकाळी बय आमच्या दाराशी आली. डोक्यावर तुपाचं गाडगं नव्हतं. लुगडं धुतलेलं, कपाळावर मळवट. देवीला जाऊन आली होती.

"चल," ती म्हणाली. "कुठं बोलायचं ते दाखव."

मी आनंदानं तिच्या गळ्यातच पडले. का यायला तयार झालीस, हे विचारायचंही मला सुचलं नाही. तरणं वय ते, आपलं काम झालं की पुरे.

पोलादपूरहून महाडला आम्ही मोटारीनं गेलो. बय आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली. पहिल्या वळणावर तिनं ड्रायव्हरला शिव्या घातल्या, दुसऱ्यावर देवाला, आणि तिसऱ्यावर ती मोटारीबाहेर ओकली. "म्हशीवर बसून आले असते तर याच्याआधी पोचले असते," म्हणाली. सगळी मोटार हसली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्या दोन्ही आया शेजारी शेजारी बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

कचेरीत मामलेदारांसमोर कारकून जबाब लिहायला बसले. बयला विचारलं तर ती तोंड उघडेना. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही भाईर गेल्याबिगर मी बोलायची नाय. हिच्या कानात नाय पडलं पायजे." मामलेदार वैतागले. कारकून उठले आणि मला म्हणाले, "जा बाहेर. विहिरीपाशी जाऊन उभी राहा." मी गेले, पण विहिरीपर्यंत नाही. खिडकीखाली उभी राहिले. बयचा आवाज तसा मोठा, डोंगरावरून गुरांना हाका मारणारा. पण त्या दिवशी तो एवढासा झाला होता.

"ती माझी नाय. मी उचलली फकस्त. जनली हिनं."

मग आईचा आवाज आला. "माझी हाय. माझी पोर हाय ती." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. इतक्या वर्षांनी तिला ते म्हणायला मिळालं होतं. मी खिडकीखाली उभी राहून तोंडात पदर कोंबला.

जबाब लिहिला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मग अंगठा घ्यायचा, असा नियम. मी कान देऊन उभी होते, पण वाचल्याचा आवाज आला नाही. पुढं आईनं सांगितलं, कारकून खुर्चीवरून उठले, बयशेजारी जमिनीवर बसले आणि तो जबाब त्यांनी तिच्या कानाशी अगदी हळू वाचला, आत असलेल्यांनाही ऐकू जाणार नाही असा. पगडीचे, सोवळ्याओवळ्याचे गृहस्थ ते, धनगरणीच्या शेजारी मांडी घालून बसले. आई म्हणाली, बयनं त्यांना सांगितलं होतं, आणखी एकदा मोठ्यानं नका बोलू, आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या त्या उपकाराचं मोल मला आजही करता येत नाही. नियम पाळला, आणि एका बाईची भीतीही जपली.

बाहेर येऊन बयनं विहिरीच्या पाण्यानं तीनदा चुळा भरल्या. परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, मोटार लागली असेल.

नक्कल हातात पडली, तिच्यावर शेरा, शेऱ्याखाली सही. बाबांनी ती उलटीसुलटी पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. "सही मोठी हाय," म्हणाले, आणि स्थळाला नकार कळवायला मुंबईला निघून गेले. दिला शब्द त्यांनी मोडला नाही, तेही काही थोडं नव्हे. आगोटीच्या आत मी पुण्याला पोचले.

कॉलेजात मी रमले. तिथं पहिल्यांदा मला माझी एकटीची खाट मिळाली. एक गंमत मात्र मला कळत नव्हती. आमच्याकडचं कुणी पुण्याला आलं की मला भेटून जायचं, आणि प्रत्येकजण एकच विचारायचा, "बरी हायस ना? बयनं इचारलंय." एकदा तर मोटारीचा ड्रायव्हर आला. म्हणाला, "ती म्हातारी दर बाजाराला माझी मोटार अडवते. पोर जित्ती हाय का सांग म्हणते. एकदाचं बघून तरी जावं म्हणून आलो." मी हसले. सांगितलं, जित्ती आहे, जाड झालेय, असं सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत मी महाबळेश्वरावरून मोटारीनं आले आणि घाटातच वाडीच्या पायवाटेशी उतरले. आधी बयला भेटायचं, मग खाली घरी. अंगणात पोचले तर समोर गोठा रिकामा. शेण नाही, पेंढा नाही, दावणीला दोऱ्या नाहीत. बय ओट्यावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिला रिकाम्या हातानं बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला पाहून उठली, आणि माझे हात, खांदे, तोंड, सगळं चाचपून पाहिलं. मग जोरात चिमटा काढला. मी ओरडले तशी म्हणाली, "हाय गो, हाय."

"बय, म्हशी कुठं गेल्या?"

तिची थोरली सून आतून करवादत बाहेर आली. "इचारा, इचारा तुमच्या बयला! कचेरीत जायच्या आदल्या दिशी देवीला बोलून आली. पोरीचं नाव घेऊ नको, बोलनारी मी हाय, न्यायचं तर मला ने. आनि परत आली ती मरायलाच बसली. चारी म्हशी चार लेकींस्नी वाटल्या. म्हनली, मी मेल्यावर भांडन नको. आगोट गेली, गनपती गेले, दसरा गेला. आज मरतंय, उद्या मरतंय, आनि ही बगा, धडधाकट बसलीय!"

मी ओट्याच्या पायरीवरच बसले. पुस्तकातलं सगळं घडाघडा सांगणारी मी, मला तेव्हा एक अक्षर आठवेना. मी तिला पटवलं नव्हतं. माझ्या एकाही शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता. माझ्या जागी आपण जायचं ठरवून, गोठा रिकामा करून, ती माझ्याबरोबर मोटारीत चढली होती, आणि वाटेत आम्ही तिला हसलो होतो. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडले. "बय, मी तुझीच गो," म्हटलं. "कुणी काही लिहू दे."

"गप," ती म्हणाली. "असं मोठ्यानं बोलायचं नसतंय." पण तिनं माझं डोकं हलू दिलं नाही. नंतर म्हणाली, "देवी बी अशी! मला नेली नाय, तुला नेली नाय. म्हशी तेवढ्या गेल्या." आणि स्वतःच हसली. सूनसुद्धा हसली.

मग ती उठली, कोनाड्यातला तांब्या घेतला आणि पदर सावरत शेजारच्या अंगणाकडे निघाली. मी विचारलं, कुठं चाललीस? सून हळूच म्हणाली, "तुमच्यासाठी दूध मागायला. जन्मात कुनाच्या दारात गेली नाय ती दुधाला." मी उठून मागं धावले, नको म्हणाले, पण ती थांबली नाही. शेजारणीच्या दारात उभी राहून मोठ्यानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जरा दूध दे गो. माझी पोर आलीय."